दाराशी टाकलेली गादी

धाकट्याचं पत्र आल्या दिवसापासून घरात दुपारच्या झोपेला बंदी होती.

बंदी घातली थोरल्याने. गाद्या शिवून पोट भरणारं घर, आणि त्यात झोपायचं नाही! पण थोरल्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची कोणाची छाती नव्हती. आप्पा गेल्यापासून तर तो घरात कमी आणि व्यासपीठावर जास्त असल्यासारखा बोलायचा.

त्याला निमित्तही तसंच घडलं होतं. नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब जागे राहण्यावर बोलत होते. धनी कुठल्या घटकेला येईल सांगता येत नाही, म्हणून सावध असा, असं ते पोटतिडकीने सांगत होते, आणि पुढच्याच बाकावर थोरला, त्याची बायको आणि मधला अशी तिघं एका ओळीत माना टाकून झोपली होती. आता त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा! गेल्या वर्षी आप्पांच्या स्मरणार्थ चर्चच्या प्रत्येक बाकावर गादी घालून दिली ती ह्याच घराने. कापूस भरताना हात आखडता घेतला नव्हता. तेव्हापासून दुसरं गीत संपलं की अर्धी मंडळी कामातून जायची. पण पाळकसाहेबांनी बोट दाखवलं ते पुढच्या बाकाकडे. "धनी आज आला, तर ह्या बाकावरून त्याचं स्वागत घोरण्याने होईल!" असं भर उपासनेत म्हणाले. थोरला चर्चचा पंच. त्याच्या अगदी जिव्हारी लागलं.

आणि त्याच आठवड्यात, अकरा वर्षांनी, धाकट्याचं पत्र आलं.

थोरल्याने ते कारखान्यात, सगळ्यांना उभं करून वाचलं. धाकटा आता लांब पल्ल्याचा ट्रक चालवत होता. नाताळच्या आत येऊन जाईन, पण दिवस सांगता येत नाही, वेळ तर नाहीच, असं लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ होती: 'त्या दिवशी मी परत आलो तेव्हा घरात सगळे झोपले असणार, म्हणून दार उघडलं नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही.'

"बघा!" थोरला म्हणाला होता. "दिवस नाही, वेळ नाही! पाळकसाहेबांनी सांगितलं तेच. हे घर आता जागं राहील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटची ओळ ऐकून आक्काच्या हातातलं दाभण मात्र बोटात घुसलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

आक्का चौघांत मोठी. लग्न केलं नाही, की झालं नाही, हे विचारायचं आता वय राहिलं नव्हतं. धाकट्याला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेला. आप्पांशी त्याचं वाजलं ते फोमवरून. कापूस गोळा होतो, फोम होत नाही, असं तो गिऱ्हाइकासमोर बोलून गेला, आणि आप्पा कडाडले, "ज्याला कापसावर झोप लागत नाही त्याने ह्या घरात झोपू नये!" धाकटा सकाळी पिशवी घेऊन निघून गेला. आप्पांनी सगळ्यांना बजावलं, आला तर दार उघडायचं नाही.

आणि दुपारी अडीचला तो आला.

दुपारचे दोन ते चार म्हणजे ह्या घराची तपासणीची वेळ. आप्पांचा नियमच होता तो. घरच्या माणसाने झोपून पाहिल्याशिवाय एकही गादी दाराबाहेर जात नसे. कारखान्याचं फळ्यांचं दार लावायचं, नव्या गाद्या जमिनीवर टाकायच्या, प्रत्येकाने एकीवर आडवं व्हायचं, आणि उठल्यावर गादीच्या कोपऱ्याला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहायचं: तपासलं कोणी, झोप कशी. त्या दिवशीही सगळे तसेच पडले होते. कडी तीनदा वाजली. आप्पा घोरत होते, थोरला घोरत होता, मधला तोंड उघडं टाकून पडला होता.

आक्का जागी होती. दार सहा पावलांवर होतं. कोऱ्या खोळीची सळसळ होऊ नये म्हणून तिने श्वाससुद्धा धरून ठेवला होता. आप्पांची भीती वाटली, बस्स, एवढंच. मग बाहेर चपला वाजल्या, लांब गेल्या. संध्याकाळी समोरच्या न्हाव्याने सांगितलं, "तुमचा धाकटा येऊन गेला हो, कडी वाजवून वाजवून." सगळे एका सुरात म्हणाले, "अरेरे, आम्ही झोपलो होतो!" त्या सुरात आक्कानेही सूर मिसळला.

तेव्हापासून तिला दुपारची झोप म्हणून लागली नव्हती. अकरा वर्षं ती गाद्यांवर उघड्या डोळ्यांनी पडायची, छताकडे बघायची, आणि चारला उठून चिठ्ठीवर लिहायची: झोप उत्तम.

आता तो येणार होता. सगळे झोपले होते असं समजून त्याने सगळ्यांना माफ केलं होतं. त्याला खरं सांगितलं तर त्या माफीचं काय होईल, आणि नाही सांगितलं तर त्याच्या डोळ्याला डोळा कसा देणार, ह्या दोन विचारांत आक्का तीन आठवडे भरडली जात होती.

आज चौथा रविवार. धाकट्याचा पत्ता नव्हता. आणि थोरल्याने, घर किती जागं आहे ते दाखवायला, पाळकसाहेबांनाच जेवायला बोलावलं होतं.

जेवणं झाल्यावर थोरल्याने त्यांना कारखान्यात नेऊन भिंतीवरचं पाळीपत्रक दाखवलं. कोणी कधी दाराशी खुर्ची टाकून बसायचं, सगळं लाल शाईत आखलेलं. खुर्चीवर पितळी घंटा. धाकटा दिसला की वाजवायची.

"वा!" पाळकसाहेब जांभई दाबत म्हणाले. "असं घर मंडळीत दुसरं नाही."

"एकही माणूस डुलकी घेत नाही," थोरला म्हणाला.

"मी घेते," आई कोपऱ्यातून म्हणाली. ती ऐंशीच्या पुढची, कापसाच्या गासडीला टेकून बसलेली. "रोज घेते. तो आला की उठवा म्हणून सांगून ठेवलंय."

"आई, तू वयस्कर. तुला सूट आहे."

"सूट कसली मेल्या? तो येणार म्हणालाय ना? मग येईल. मी डोळे फाडून बसले तर काय लवकर येणारे?"

पाळकसाहेबांनी ह्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून पुन्हा जांभईच बाहेर पडली.

मधला मघापासून संधी शोधत होता. भिंतीशी सहा नव्या गाद्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर त्याने थाप मारली. "जागरण पुरे झालं. ह्या उद्या सकाळी नर्सांच्या वसतिगृहात पोचवायच्यात. महिनाभर तपासणी बंद. बिनझोपलेला माल देऊ का? आप्पा थडग्यात कुशीवर वळतील!"

"आप्पांचं नाव तू घेऊ नकोस. फोमचं यंत्र आणायचं म्हणतोस ना तू?"

"म्हणतो! आणि धाकटा आला की तोही माझ्याच बाजूने म्हणेल. फोमपायीच घर सोडलं त्याने."

"तो येतोय ते चूक कबूल करायला," थोरल्याने खिशावर हात ठेवला. क्षमेचं भाषण खिशात होतं. तीन आठवडे तो ते बाळगून होता, आरशासमोर दोनदा म्हणूनही झालं होतं. "मी त्याला मोठ्या मनाने क्षमा करणार आहे. आधी त्याने कापसाला हात लावून—"

"मोठ्या मनाने म्हणे! त्याला आधी एक घास तरी खाऊ द्याल का?" वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. ती कालपर्यंत नवऱ्याच्या बाजूची होती. पण काल दाराशी तिची तीन तासांची पाळी लावली गेली होती, आणि आज ती मधल्याच्या बाजूला सरकली होती. "आणि भाऊजी म्हणतात ते खरंय. तपासणी झालीच पाहिजे. आक्का, तुम्ही सांगा ना ह्यांना. तुमचं ऐकतात."

आक्का दाभणात दोरा ओवत होती. ह्या घरात सगळीच त्याची वाट बघत होती, तिच्या मनात आलं, आणि प्रत्येकाला तो आपल्यासाठी हवा होता. एकाला माफ करायला, एकाला आपल्या बाजूचं मत मिळवायला. आणि आपल्याला? आपल्याला तो यावा असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही.

"मला नका ओढू," ती म्हणाली.

"मी एक सुचवू का?" पाळकसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे त्या गाद्यांवरून हलत नव्हते. आगमनकाळ म्हणजे त्या बिचाऱ्यांची परवड. आठवड्याला तीन उपासना, गायनमंडळातल्या दोन बायकांची भांडणं, आणि आज ह्या घरचं रविवारचं जेवण. "जागं राहणं हे अंतःकरणाचं असतं. देह आडवा झाला तरी आत्मा उभा राहू शकतो."

"म्हणजे झोपायचं?" मधल्याचा चेहरा उजळला.

"आडवं व्हायचं," पाळकसाहेब म्हणाले. "डोळे उघडे ठेवून."

पाळकांच्या तोंडून आलं, तेव्हा थोरल्याला पड खावी लागली. पण सहज पड खाईल तर तो थोरला कसला! "ठीक आहे. मोजून सहा गाद्या, आपण माणसंही सहा. साहेब, एक तुम्ही तपासा, उपकार होतील. पण माझी गादी दाराशी टाका. अगदी दाराला लावून, आडवी. तो आला की पहिला मी उठेन."

गाद्या टाकल्या. आई पडल्या पडल्या झोपली, 'आला की उठवा' एवढं म्हणून. वहिनी दोन मिनिटं छताकडे बघत राहिली आणि मग तिने छताचा नाद सोडला. मधला तर मान टेकायच्या आतच गेला. पाळकसाहेब बराच वेळ उताणे पडून काहीतरी पुटपुटत होते. प्रार्थना असावी. तिच्या मध्यावरच ते असे काही घोरू लागले, की खुर्चीवरची घंटा बारीक किणकिणायला लागली. थोरला सगळ्यात जास्त टिकला. एका हाताने गादीची कड धरून, डोळे ताणून, दाराकडे तोंड करून तो पडला होता. पावणेतीनच्या सुमाराला त्याचाही हात सुटला.

आणि आक्का जागी. नेहमीचीच. उजव्या भिंतीशी, कोऱ्या खोळीवर, छताकडे बघत.

कडी वाजली.

एकदाच, हलकी. वाऱ्यानेही वाजते तशी. आक्काने ऐकलं आणि ती हलली नाही. अकरा वर्षांपूर्वी जशी पडली होती तशीच पडून राहिली, आणि हे आपण करतोय हे तिला समजत होतं. थोरला उठेल, तिने स्वतःशी म्हटलं. दाराशी पडलाय तो. त्याचं काम आहे.

थोरला घोरत होता.

कडी पुन्हा वाजली.

आता मात्र ती उठली. खोळ मोठ्याने सळसळली. मधल्याच्या पायांवरून, पाळकसाहेबांच्या पोटाला वळसा घालून ती दाराशी आली. दार आत उघडणारं, आणि दाराला लावून आडवी थोरल्याची गादी. गादीवर थोरला, अंगापिंडाने भरलेला. अडसर काढला तरी दार बोटभरसुद्धा सरकेना.

"अरे ऊठ!" तिने त्याला हलवलं. "ऊठ, आलाय तो!"

"जागाच आहे," थोरला झोपेत म्हणाला आणि कुशीवर वळला.

तिसऱ्यांदा कडी वाजली, आणि मग वाजायची थांबली. बाहेर चपलेचा आवाज झाला. आक्काला तो आवाज माहीत होता. मागच्या वेळी तिसऱ्या कडीनंतरच तो ऐकू आला होता.

"थांब!" ती ओरडली. घरात आप्पा असताना ती कधी ओरडली नव्हती, नंतरही नाही. "जाऊ नकोस रे! मी जागी आहे! उघडते, थांब!"

तिने गादीचा कोपरा दोन्ही हातांनी धरला आणि थोरल्यासकट ओढला. साठीला आलेली बाई, पण चाळीस वर्षं गाद्या उचललेले हात. गादी वीतभर सरकली. तिने पाय रोवले, पुन्हा ओढली. थोरला झोपेत हसल्यासारखा झाला. उघडेल तेवढं दार तिने ओढलं, आणि फटीत धाकटा दिसला. केस पांढरे झालेले, खांद्याला पिशवी, एक पाऊल पायरीच्या खाली गेलेलं.

"तपासणी चालू आहे वाटतं," तो म्हणाला.

"हो."

"सगळे झोपलेत?"

"सगळे. पाळकसाहेबसुद्धा."

तो हसला. आत यायला पाऊल उचललं, पण आक्काने फटीत हात आडवा धरला.

"आत येऊ नकोस अजून. आधी माझं ऐक, मग ठरव यायचं की नाही ते." "तू पत्रात लिहिलंस, सगळे झोपले असणार म्हणून. मी झोपले नव्हते. तू तीनदा कडी वाजवलीस आणि तीनही वेळा मी ऐकली. उठले नाही. आप्पांना भ्याले. आता काय म्हणायचं ते म्हण."

धाकट्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"उजव्या भिंतीशी तू असायचीस. कोरी खोळ होती. फळ्यांचं दार हे, सगळं ऐकू येतं. पहिली कडी वाजवली आणि खोळ सळसळली. मग एकदम गप्प. आक्का, गादीवाल्याचाच मुलगा आहे मी. झोपलेलं माणूस आवाज झाला की कूस बदलतं, असं दगडासारखं पडत नाही."

"आणि पत्रात तसं का लिहिलंस?"

"थोरला ते सगळ्यांना उभं करून वाचणार, हे मला माहीत नव्हतं होय?"

आक्काने तोंडाला पदर लावला. "राग नाही आला माझा?"

"आला ना! चांगला सात-आठ वर्षं पुरला. मग एकदा गाडीतच आडवा पडलो होतो, मनात आलं, तिलाही तिकडे झोप लागत नसेल. तेव्हापासून काही तो नीट धरता येईना." "आत्ता पहिल्या कडीला तर खोळसुद्धा वाजली नाही. म्हटलं, ह्या खेपेलाही तेच. दुसरी वाजवायला हात उचलत नव्हता माझा."

"तिसरीनंतर जायला निघाला होतास."

"निघालो होतो. तू ओरडलीस."

मग तिने हात बाजूला केला. त्याने दाराच्या फटीतून अंग चोरून आत पाऊल टाकलं, थोरल्याला ओलांडलं, आणि कारखान्याच्या मध्ये उभा राहून सगळ्या झोपलेल्यांकडे एकेक करून बघितलं. आईपाशी वाकला. आईने डोळे न उघडताच विचारलं, "आलास का?"

"आलो."

"जेवलास?"

"नाही."

"उठते हं," आई म्हणाली, त्याचा हात उशीखाली घेतला आणि परत झोपली. त्याने तो बराच वेळ तसाच राहू दिला.

आक्का भिंतीला टेकून उभी होती. अकरा वर्षांची झोप एकदम अंगावर आल्यासारखे डोळे मिटायला लागले.

"पड जा," धाकटा म्हणाला. "डोळे बघ काय झालेत."

"पाळी आहे ना रे. दाराशी कोणीतरी जागं पाहिजे. थोरल्याने पत्रक लावलंय."

"मी बसतो. ट्रकवाल्याला जागायला काय शिकवायचं?"

तो दाराशी खुर्चीवर बसला. घंटा वाजू नये म्हणून त्याने ती मांडीवर घेऊन लोलक मुठीत धरला. आक्का आडवी झाली. खोळ सळसळली, आणि ह्या वेळी तिने ती सळसळू दिली.

चार वाजता थोरला दचकून उठला. समोर खुर्चीवर धाकटा बसलेला. थोरल्याने डोळे चोळले, उठून उभा राहिला, कपडे झटकले, आपण मघापासून जागेच होतो असा चेहरा केला आणि खिशातून कागद काढला.

"बंधू," त्याने घसा साफ केला, "तू चुकलास हे खरं. परंतु हे घर रात्रंदिवस जागं राहून—"

"शू!" धाकट्याने ओठांवर बोट ठेवलं आणि उजव्या भिंतीकडे मान हलवली. "हळू बोल. आक्काला झोप लागलीय."

थोरल्याने तिकडे बघितलं. आक्का कुशीवर वळली होती, गालाखाली हात, तोंड जरासं उघडं. तिला असं झोपलेलं त्याने किती वर्षांत बघितलं नव्हतं, ते त्याला आठवेना. त्याने कागदाची घडी केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच भाषण अर्ध्यावर सोडून, पायांचा आवाज न करता, तो धाकट्याच्या पायाशी जमिनीवर बसला.